आवडता नट : जीन हॅकमन

तिसरी_घंटा

ब्रँडो झाला, पचिनो झाला, डी नीरोवर तर इथे एकाहून जास्त धागे पडून गेले. जीन हॅकमनचा नंबर काही लागेना, म्हणून शेवटी मीच काढतो.

त्याच्यावर धागा न निघण्याचं कारण उघड आहे. त्याच्या नावाने कोणी डायलॉग फेकत नाही, गॅदरिंगमध्ये त्याची नक्कल होत नाही. उंच, आडव्या हाडाचा, ऐन तरुणपणीच केस मागे हटलेला माणूस. नाव कमावलं तेव्हा चाळिशी जवळ आली होती.

जन्म ३० जानेवारी १९३०, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा. वाढला मात्र इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिलमध्ये, आजीच्या घरी. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते. जीन १३ वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. पोरगं रस्त्यावर खेळत होतं, वडील गाडीतून शेजारून गेले, जाताना फक्त हात हलवला. पुढे त्याने मुलाखतीत सांगितलंय की एवढ्याशा हालचालीत केवढं काय मावतं हे त्या दिवशी कळलं, आणि आपण नट झालो ते कदाचित त्यामुळेच. सोळाव्या वर्षी वय वाढवून सांगून मरीन्समध्ये भरती झाला. चीनमध्ये पोस्टिंग, रेडिओ ऑपरेटरचं काम. आई १९६२ साली आगीत गेली, पेटत्या सिगारेटमुळे लागलेल्या.

अभिनय शिकायला तो कॅलिफोर्नियातल्या पासादेना प्लेहाउसमध्ये गेला तो पंचविशी उलटल्यावर. वर्गातली बाकीची मुलं त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. त्यातल्याच एका बुटक्या, मोठ्या नाकाच्या मुलाशी गट्टी जमली. त्याचं नाव डस्टिन हॉफमन. यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी कुणाची, यावर वर्गाने या दोघांची नावं काढली! मग न्यूयॉर्क. तिथे रॉबर्ट डुव्हॉल भेटला आणि तिघेही वर्षानुवर्षं मिळेल ते काम करत राहिले. हॉफमन सुरुवातीला हॅकमनच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा. हॅकमन टाइम्स स्क्वेअरच्या एका रेस्टॉरंटबाहेर गणवेश घालून दरवान म्हणून उभा राहायचा. तिथे जुन्या ओळखीतला एकजण समोरून गेला आणि जाता जाता टोमणा मारून गेला, हे तो म्हातारपणापर्यंत सांगत होता. विसरला नव्हता हे नक्की.

१९६४ च्या ‘लिलिथ’मध्ये त्याला एक छोटं काम मिळालं. नायक वॉरन बेटी होता. बेटीने ते डोक्यात ठेवलं आणि स्वतः निर्माता झाल्यावर ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) मध्ये नायकाच्या भावाचं, बक बॅरोचं काम हॅकमनला दिलं. पहिलं ऑस्कर नामांकन त्याचंच. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ‘द ग्रॅज्युएट’मध्ये तो मिस्टर रॉबिन्सन होणार होता, तालमी सुरू असतानाच त्याला काढून टाकलं. नायक कोण, तर हॉफमन.

चरित्र इथेच आटोपतं घेतो, कारण मला बोलायचंय ते त्याच्या हसण्याबद्दल. हॅकमन हसला की माझ्या पोटात गोळा येतो. घशातल्या घशात ‘हॅ हॅ’ करून, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून, अगदी घरगुती हसतो तो. आणि आता हा मिठी मारणार की तोंड फोडणार, याचा पत्ता लागत नाही. ‘मिसिसिपी बर्निंग’मधला न्हाव्याच्या दुकानातला प्रसंग आठवा. खुर्चीत शेरीफचा डेप्युटी (तिथला पोलीस) बसलाय, चेहऱ्यावर फेस आहे. हॅकमन न्हाव्याला बाजूला करतो, वस्तरा स्वतः हातात घेतो आणि गप्पा मारत दाढी करायला लागतो. आवाज चढत नाही, हसू मावळत नाही. मोठे नट चिडून घाबरवतात, हा खेळीमेळीने घाबरवतो.

म्हणूनच ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) हे त्याचं सगळ्यात अवघड काम असं माझं मत. दिग्दर्शक कोपोलाने तिथे त्याचं हे हत्यारच काढून घेतलं. हॅरी कॉल दुसऱ्यांची बोलणी चोरून टेप करतो, स्वतः कुणाशी बोलत नाही, पाऊस नसतानाही अंगात पातळसा रेनकोट. हसणारा हॅकमन त्यात जवळपास नाहीच. जी ऊर्जा एरवी दुसऱ्यावर धावून जाते ती इथे कोंडलेली दिसते.

तुमचे आवडते प्रसंग येऊ द्या. शेवट फोडणार असाल तर आधी इशारा द्या.

---

रानजाई

मस्त धागा! हसण्याचं अगदी पटलं. ‘अनफर्गिव्हन’मध्ये इंग्लिश बॉबला भर रस्त्यात लाथा घालतो, त्याच्या आधीचं आदरातिथ्य आठवलं. किती प्रेमाने विचारपूस चाललेली असते!

---

नवी_पाटी

माझ्यासाठी तो ‘सुपरमॅन’मधला खलनायक लेक्स ल्युथर. बाकी काही पाहिलेलं नाही, हे इथे लिहायला थोडं भीत भीतच आलोय. लहानपणी केबलवर ‘सुपरमॅन’ सारखा लागायचा.

---

तिसरी_घंटा

@नवी_पाटी, अहो भीती कसली, तुमच्यासारखेच हवेत. १९७८ च्या त्या ‘सुपरमॅन’चा एक किस्सा. ल्युथर टकला आणि बिनमिशीचा, तर हॅकमन डोकं भादरायला तयार नाही, मिशीही काढायला तयार नाही. दिग्दर्शक रिचर्ड डोनर म्हणाला, तू काढलीस तर मीही माझी काढतो. हॅकमनने मिशी उतरवली, मग डोनरने आपली ओढून हातात दिली. खोटी होती! डोकं मात्र त्याने शेवटपर्यंत दिलं नाही, म्हणून चित्रपटभर तो विग बदलत फिरतो.

तो आणि दुसरा भाग एकत्रच चित्रित होत होते. मध्येच डोनरला काढलं. नव्या दिग्दर्शकाकडे हॅकमन पुन्हा गेलाच नाही, म्हणून दुसऱ्या भागातल्या उरलेल्या तुकड्यांत त्याच्या जागी बदली माणूस उभा केलाय. पाठमोरा ल्युथर दिसला की संशय घ्या.

---

अनवट

‘द फ्रेंच कनेक्शन’बद्दल धाग्यात अवाक्षर नाही, म्हणून मी लिहिते.

१९७१. विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शक, आणि पॉपाय डॉइलसाठी हॅकमन ही त्याची पहिली पसंती अजिबात नव्हती. एका वर्तमानपत्रातल्या स्तंभलेखकालासुद्धा त्याने आधी आजमावून पाहिलं होतं. पॉपाय बेतला होता एडी ईगन या न्यूयॉर्कच्या खऱ्या पोलिसावर. हॅकमन त्याच्याबरोबर गस्तीला हिंडला, आणि त्याला तो माणूस पचेना. तो ज्या भाषेत काळ्या लोकांशी बोलायचा, ज्या सहजतेने हात उचलायचा, ते पडद्यावर करायचं म्हटल्यावर हॅकमनचे हात जड झाले. सुरुवातीला संशयिताला मारण्याचा प्रसंग नीट होईना. काम सोडण्याची भाषाही त्याने केली होती. फ्रीडकिन त्याला मुद्दाम डिवचत राहिला, टोचत राहिला. पडद्यावर जो सतत वैतागलेला पोलीस दिसतो, त्यातला बराच वैताग दिग्दर्शकावरचा असावा असं मला कायम वाटत आलंय.

आणि तो पाठलाग! ब्रुकलिनमध्ये वर खांबांवरून लोकल धावतेय, खालून पॉपायची गाडी. रस्ते रीतसर बंद न करता बराचसा भाग चित्रित झाला. एका स्थानिक माणसाची गाडी खरोखरच येऊन धडकली आणि तो अपघात चित्रपटात आहे तसा ठेवलाय. अवघड ड्रायव्हिंग बिल हिकमन या स्टंट ड्रायव्हरचं, पण स्टिअरिंगवर बऱ्याच ठिकाणी स्वतः हॅकमन आहे. ते जमलं कारण त्याला गाड्यांचं वेड होतंच. पुढे १९८३ मध्ये तो डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला.

पाच ऑस्कर मिळाली. सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन, नायक, संकलन, पटकथा. पण माझ्या लक्षात काय राहिलंय, तर थंडीत फुटपाथवर उभा राहून पेपर कपातली वाईट कॉफी पिणारा पॉपाय आणि समोरच्या हॉटेलात काचेआड निवांत जेवणारा तस्कर. एका शब्दाविना सगळी वर्गवारी कळते.

---

फुटकळ

थोडं विरोधी लिहितो, रागावू नका. नट मोठा, कबूल. पण त्याने कचराही भरपूर केला. ‘सुपरमॅन’चा चौथा भाग सहन होत नाही. सत्तरच्या दशकात ऑस्कर हातात असताना तो पैशासाठी वाट्टेल ते स्वीकारत होता. हॉफमनची त्या काळातली यादी काढा आणि शेजारी याची ठेवा. हॉफमन निवडून काम करायचा, हा घाऊक.

---

गिरगाव_ते_गोरेगाव

फुटकळराव, ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ कचऱ्यात टाकणार असाल तर आपलं भांडण आहे! आम्ही कॉलेजात असताना तो मुंबईत मोठ्या पडद्यावर पाहिला. नववर्षाच्या रात्री जहाज उलटतं, छताची जमीन होते, आणि हा पाद्री उरलेल्यांना घेऊन वर, म्हणजे जहाजाच्या तळाकडे निघतो. शेवटी लोखंडी चाकाला लोंबकळत देवावर ओरडतो, ते आठवलं की अजून काटा येतो. कथा भाबडी, सेट कोसळतायत, सगळं मान्य. पण त्या ओरडण्यात खोट काढून दाखवा.

---

तिसरी_घंटा

@फुटकळ, आरोप खरा आहे आणि हॅकमनने तो कधी नाकारला नाही. पैशासाठी कामं केली हे तो उघड बोलायचा. पण १९७३ ते ७५ एवढंच बघा. ‘स्केअरक्रो’, ‘द कॉन्व्हर्सेशन’, ‘यंग फ्रँकेनस्टाइन’मधला आंधळा साधू, ‘नाइट मूव्ह्ज’, ‘फ्रेंच कनेक्शन’चा दुसरा भाग. यातल्या ‘स्केअरक्रो’ आणि ‘कॉन्व्हर्सेशन’ला कान महोत्सवात लागोपाठ दोन वर्षं सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एवढं करून उरलेल्या वेळात माणसाने बंगल्याचे हप्ते फेडले तर आपण का कुरकुर करावी?

त्या आंधळ्या साधूत तो ओळखूही येत नाही. राक्षसाच्या मांडीवर उकळतं सूप ओततो, सिगार म्हणून त्याचा अंगठा पेटवतो. पाच मिनिटांचं काम, आणि विनोद करायची इच्छा आहे म्हणून स्वतःहून मागून घेतलेलं.

---

मक्याचं_कणीस

नेहमीचा वाचनमात्र. डॅनव्हिलचं नाव दिसलं म्हणून लॉगिन केलं.

मी इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला शिकायला होतो. डॅनव्हिल तिथून पूर्वेला, गाडीने तासाच्या आत, इंडियाना राज्याची हद्द त्याला लागूनच. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये एक धान्याचा उंच कोठार-मनोरा, की पुन्हा मका. एके काळी कोळशाच्या खाणींवर आणि कारखान्यांवर चाललेलं गाव. विनोदी नट डिक व्हॅन डाइकही तिथेच वाढला. मरीन्समधून सुटल्यावर हॅकमन काही काळ आमच्याच विद्यापीठात पत्रकारिता शिकत होता, हे मला तिथून बाहेर पडल्यावर कळलं. असो.

या पट्ट्यात राहिल्याशिवाय ‘हूजियर्स’ (१९८६) नीट लागत नाही असं मला वाटतं. १९५४ साली इंडियानातल्या मायलन या एवढ्याशा गावाच्या शाळेने राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, त्यावर सैलसर बेतलेली गोष्ट. हॅकमन प्रशिक्षक. भूतकाळात काहीतरी करून बसलेला, शेवटची संधी म्हणून या आडगावी आलेला. गावातले पुरुष न्हाव्याच्या दुकानात त्याची उलटतपासणी घेतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची ती आवळलेली सभ्यता पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात काम मागायला गेलेल्या माणसाला असंच जोखतात. अंतिम सामना इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमध्ये चित्रित झालाय, १९५४ चा खरा सामनाही तिथलाच. तिथे गेल्यावर तो पोरांना मोजपट्टी देऊन बास्केटची उंची मोजायला लावतो. तेवढीच उंची, आपल्या गावातल्याएवढी! खेळावरच्या चित्रपटांत भाषणं ठोकतात, इथे टेप लावतात.

---

रानजाई

वा, कणीसदादा, लिहीत जा की!

---

फुटकळ

कणसाचा प्रतिसाद आवडला. मत तरी बदलत नाही. :)

‘मिसिसिपी बर्निंग’विषयी मात्र गंभीरपणे. १९६४ मध्ये मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. चेनी, गुडमन आणि श्वेर्नर. त्यावरचा हा चित्रपट, आणि त्यात नायक कोण, तर दोन गोरे एफबीआय एजंट. ज्यांनी लढा दिला ते काळे लोक पार्श्वभूमीला, घाबरून गप्प बसलेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनीही त्यावर टीका केली होती. हॅकमन इतका छान आहे की चित्रपटातलं हे खोटेपण झाकलं जातं. चांगला नट वाईट इतिहास खपवतो, हा मुद्दा तुमच्या हसण्याच्या सिद्धांतात कुठे बसतो?

---

तिसरी_घंटा

बसत नाही, आणि मुद्दा बिनतोड आहे. त्यातला हॅकमनचा अँडरसन हा स्वतः मिसिसिपीचा, कधीकाळी तिथला शेरीफ राहिलेला. वंशद्वेष आपल्याच बापात पाहिलेला माणूस. बापाची ती हकीकत तो सहकाऱ्याला सांगतो, तेवढाच भाग मला खऱ्या इतिहासाच्या जवळचा वाटतो. बाकी तुमचं म्हणणं मान्य.

त्या कामाला बर्लिन चित्रपट महोत्सवात सिल्व्हर बेअर मिळालं. ऑस्करचं नामांकनही होतं. ते कुणी नेलं? ‘रेन मॅन’साठी डस्टिन हॉफमनने! पासादेनाच्या वर्गाचा अंदाज पुरता आपटला म्हणायचा.

---

अनवट

आणि हे दोघं एका चित्रपटात एकत्र आले ते थेट २००३ मध्ये, ‘रनअवे ज्युरी’त. तेही त्यांचा समोरासमोर प्रसंगच नाही हे लक्षात आल्यावर स्वच्छतागृहातली ती खडाजंगी नंतर लिहून घातली. दोन म्हातारे बेसिनपाशी उभे राहून भांडतायत, आणि बाकीचा अख्खा चित्रपट फिका पडतो.

---

गिरगाव_ते_गोरेगाव

एक तुलना सुचली. आपले निळूभाऊ. पडद्यावर सरपंच म्हणून आले की बायका बोटं मोडायच्या, आणि ते बेरकी हसू, मान तिरकी करून, आवाज खाली ठेवून. घंटाराव, तुमचा हसण्याचा मुद्दा वाचताना निळू फुलेच दिसत होते.

---

अनवट

काका, अर्धं पटतं. निळूभाऊंचं हसू आलं की प्रेक्षकाला कळतं, आता काहीतरी नीच घडणार. हॅकमनच्या हसण्यात ती खात्री मिळत नाही, घंटा म्हणतायत ते हेच. ‘अनफर्गिव्हन’चा शेरीफ लिटल बिल घ्या. स्वतःच्या हाताने घर बांधतोय, छत गळतंय, ठिकठिकाणी भांडी लावलीत, तरी सुतारकामाचा अभिमान केवढा! याच माणसाच्या गावात शस्त्रबंदी आहे आणि ती मोडणाऱ्याला तो लाथांनी तुडवतो, हाती लागलेल्या एका साथीदाराला तर चाबकाने मरेस्तोवर मारतो. स्वतःच्या हिशेबी तो कायदा राखणारा सज्जन. मरतानाही त्याला अन्याय वाटतो तो हाच, की घर अर्धं राहिलं.

ही भूमिका त्याने आधी नाकारली होती. पडद्यावरच्या हिंसेचा कंटाळा आला होता, घरच्या मुलींनाही ते आवडत नव्हतं. हा चित्रपट हिंसेचं कौतुक करणार नाही असं क्लिंट ईस्टवूडने पटवलं, मग हो म्हणाला. दुसरं ऑस्कर त्यावर.

---

नवी_पाटी

सगळं वाचतोय. त्याच्या मृत्यूच्या बातम्या गेल्या वर्षी फार विचित्र पद्धतीने आल्या होत्या. नक्की झालं काय होतं?

---

अर्धा_कप_काढा

मी डॉक्टर आहे, म्हणून जाहीर झालं तेवढंच लिहितो. तो आणि पत्नी बेट्सी अराकावा न्यू मेक्सिकोत सांता फे इथे राहायचे. २६ फेब्रुवारी २०२५ ला दोघेही घरात मृत आढळले. आधी काय काय तर्क लढवले गेले! तपासात निघालं ते असं: बेट्सी आधी गेली, हंताव्हायरसच्या फुफ्फुसाच्या आजाराने. हॅकमनला अल्झायमर बळावलेला होता, शिवाय हृदयविकार. त्याच्या पेसमेकरची शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची, म्हणजे पत्नीनंतर साधारण आठवडाभर तो त्या घरात होता.

हंताव्हायरस तिकडे रानउंदरांमार्फत येतो. त्यांच्या लेंड्या, मूत्र वाळून धुळीत मिसळतं, झाडलोट करताना ती धूळ श्वासात जाते. सुरुवात साध्या फ्लूसारखी, मग अचानक फुफ्फुसात पाणी भरतं. लागण झालेल्यांपैकी तिघांतला एक किंवा त्याहून जास्त दगावतात. १९९३ मध्ये त्याच भागात हा आजार प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो होतो तोही उंदरांमुळे, पण तो जिवाणू, आणि साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो. गल्लत नको. माळा, गोठा किंवा बंद खोली झाडायची असेल तर आधी जंतुनाशक पाणी शिंपडून ओलं करा, मगच पुसा. कोरडं झाडू नका.

---

रानजाई

वाचून वाईट वाटलं. त्या पंचाण्णव वर्षांच्या माणसाला बायको गेल्याचं कळलं तरी असेल का?

मला त्याची निवृत्ती फार आवडते. २००४ नंतर एकही चित्रपट नाही. न्यूयॉर्कमध्ये हृदयाची तपासणी झाली, डॉक्टरांनी ताण नको सांगितला, याने दुकान बंद केलं. ना समारंभ, ना पुनरागमन. चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या तीन कादंबऱ्या डॅनियल लेनिहॅन या सागरी पुरातत्त्वज्ञ मित्राबरोबर, पुढच्या एकट्याने. आपल्याकडचे सुपरस्टार हे वाचत असतील तर... जाऊ दे.

---

फुटकळ

चला, या एका बाबतीत त्याने निवड केली, हॉफमनपेक्षा चांगली. हे मी लेखी देतो.

---

नवी_पाटी

बरं, मग सुरुवात कुठून करू? रविवार मोकळा आहे.

---

तिसरी_घंटा

‘अनफर्गिव्हन’पासून करा. जमलं तर मग ‘फ्रेंच कनेक्शन’. तोंडाला चव यावी म्हणून ‘द रॉयल टेनेनबॉम्स’. दिग्दर्शक वेस अँडरसनने ती भूमिका, हॅकमनची इच्छा नसताना, त्याच्याचसाठी लिहिली. पोटाच्या कॅन्सरचं खोटं सांगून घरात परत घुसणारा बाप. तेच हसू, पण इथे ते फसवणुकीसाठी वापरलंय, आणि तरी म्हातारा आवडतो. ‘कॉन्व्हर्सेशन’ शेवटी ठेवा, आणि तो पाहिल्यावर १९९८ चा ‘एनिमी ऑफ द स्टेट’. त्यात हॅकमन पुन्हा टेहळणीतला तज्ज्ञ आहे, आणि त्याच्या सरकारी फायलीत जो तरुणपणचा फोटो दाखवतात तो हॅरी कॉलचा आहे!

---

गिरगाव_ते_गोरेगाव

घंटाराव, ‘कॉन्व्हर्सेशन’चा विषय निघालाच आहे तर (इशारा: शेवट फोडतोय, नवी_पाटी, तुम्ही इथेच थांबा). आपलं घर कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर हॅरी भिंती उचकटतो, फरशी उखडतो, मेरीची मूर्तीसुद्धा फोडतो. सापडत काहीच नाही, मग सॅक्सोफोन वाजवत बसतो. माइक होता कुठे? आमच्या ग्रुपात यावर भांडणं झालेली आहेत. माझं मत: सॅक्सोफोनच्या गळपट्ट्यात. तेवढी एकच वस्तू त्याने तपासली नाही.

---

अनवट

मला तर वाटतं माइक नव्हताच. फोनवर त्याला जे टेप ऐकवलं तेवढ्यावर तो कोलमडला. पण सॅक्सोफोन खुद्द हॅकमन वाजवायला शिकला होता या कामासाठी, एवढं मला माहीत आहे.

---

फुटकळ

माइक नव्हता तर नुकताच वाजवलेला सॅक्सोफोन त्या टेपवर आला कुठून, ताई? मी काकांच्या बाजूने. पुन्हा पाहतो आणि मग भांडायला येतो.